विचारणाऱ्याला उत्तर

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी बोलका. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा असो, उपवास-प्रार्थनेत पुढे होऊन प्रार्थना करायची असो, नाताळात तरुण संघाबरोबर घरोघर गाणी म्हणत फिरायचं असो, मला कधी दोनदा सांगावं लागलं नाही. आजोबा नेवासे तालुक्यातल्या मिशनच्या शाळेत शिकलेले, वडील मंडळीच्या पंच कमिटीवर. बायबलमधल्या गोष्टी मला शाळेतल्या धड्यांच्या आधी पाठ होत्या. पण सोमवारी पहाटे भोसरीच्या कंपनीची बस पकडली की तोच मी येशूचं नाव तोंडातून काढत नसे. बसमध्ये, लाइनवर, कँटीनमध्ये माणसं देवाधर्माचं सगळं बोलत. कोणाचा गुरुवारचा उपवास, कोणाची जेजुरीची खेप, कोणाच्या मुलाचं जावळ. मी ऐकत राही. विषय माझ्याकडे वळतोय असं वाटलं की डब्याचं झाकण उघडून काहीतरी खायला लागे.

ही भीती कसली आहे ते मला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. मारहाणीची ती नव्हती. बातम्या वाचून काळजी वाटे, प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर कुठे कुठे काय गुदरलं ते कानावर येई. आई फोनवर सांगायची, "आपलं आपल्यापाशी ठेव बाबा, परमुलखात राहतोस." पण माझ्या लाइनवरची माणसं तशी नव्हती. ती माझ्या लग्नाला आली होती, मुलगी झाली तेव्हा पेढे त्यांनी वाटले होते. मला धास्ती होती ती त्यांच्या डोळ्यांची. मी एकदा का "माझा विश्वास असा असा आहे" म्हटलं, की ती माझ्याकडे निराळ्या नजरेने बघायला लागतील. याला कोणी पढवून पाठवलंय, आता हा आपल्याला ओढणार, असं त्यांना वाटेल. "तुमच्यात माणूस आणला की किती मिळतात रे?" हा प्रश्न मी कॉलेजात ऐकलेला होता. विचारणाऱ्याला तो साधा वाटला असेल. मला तो अनेक वर्षं विसरता आला नाही.

पुण्यात ही शंका जुनी आहे, हेही मला माहीत होतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, आणि १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत म्हणून गावात एवढा गदारोळ उठला की पालकांनी मुली काढून नेल्या. विधवांना शिकवणाऱ्या रमाबाईंसारख्या विदुषीच्या वाट्याला हे आलं, तर माझ्यासारख्या मशीन चालवणाऱ्याने काय बोलावं, असं मनात येई.

मंडळीत साक्ष कशी द्यावी, म्हणजे आपल्या विश्वासाविषयी दुसऱ्याला कसं सांगावं, याचं एक शिबिर झालं. पाहुणे वक्ते आले होते. त्यांनी फळ्यावर मुद्दे लिहून दिले: आधी हा प्रश्न विचारायचा, मग हे वचन, मग हा दाखला, मग निर्णयाचं आवाहन. मी ते सगळं वहीत उतरवलं, घरी बायकोला समोर बसवून म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "सगळं बरोबर बोललात, पण तुम्ही बोलताय असं वाटलं नाही." त्या पद्धतीने पुष्कळांना मदत झाली आहे, मला ठाऊक आहे. मला ती अंगाला बसली नाही. पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं की समोरचा माणूस दिसेनासा होई, आणि भीती आणखी वाढे, कारण आता वाक्य चुकायचीही भीती होती.

उपयोग झाला तो बुधवारच्या बायबल अभ्यासाचा. करिंथ नगरातल्या ख्रिस्ती लोकांना प्रेषित पौलाने लिहिलेलं, करिंथकरांस पहिलं पत्र चाललं होतं. दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेला होतो, थरथरत होतो. मी हे वचन आधी वाचलेलं असणारच. पण त्या दिवशी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्याच्या बाजूला प्रेषितांची कृत्ये, अध्याय अठरा, उघडायला लावला. पौल करिंथात आला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोकडे उतरला, कारण तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. म्हणजे तो दिवसभर हाताने काम करत होता. आणि त्याच नगरात प्रभूने त्याला रात्री दर्शनात सांगितलं की भिऊ नकोस, बोलत जा. न भिणाऱ्याला कोणी भिऊ नकोस म्हणत नाही. त्यानंतर तो तिथे दीड वर्ष राहिला.

मला हे आतपर्यंत लागलं. प्रेषित पौल म्हणजे चौकात उभा राहून गर्जणारा माणूस, असं चित्र माझ्या मनात लहानपणापासून होतं. इथे दिसला तो कामाच्या जागी, हत्यारं हातात घेतलेला, घाबरलेला कारागीर. देवाने त्याची भीती आधी काढून घेतली आणि मग बोलायला लावलं, असंही तिथे लिहिलेलं नाही.

पाळकसाहेबांना मी अभ्यासानंतर माझं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "सध्या काही बोलू नकोस. तुझ्या लाइनवरच्या माणसांसाठी रोज नावं घेऊन प्रार्थना कर. त्यांच्या घरचं काय चाललंय ते विचारत जा." मी बसमध्ये खिडकीशी बसून ते करू लागलो. वाकडपासून भोसरीपर्यंत ट्रॅफिकच एवढी असते की सगळ्यांची नावं सावकाश घेऊन होत. ज्याच्यासाठी आपण रोज सकाळी देवाजवळ काही मागतो, त्याची भीती वाटणं कमी होतं, हे मला तेव्हा अनुभवाने कळलं. एकाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, एकाची मुलगी दहावीला होती. त्यांच्या डोळ्यांत मी कसा दिसतो ही चिंता मागे पडत गेली, कारण आता मी त्यांच्याकडे बघत होतो.

पहिल्यांदा तोंड उघडावं लागलं ते खंडेनवमीला. आमच्याकडे तो दिवस मोठा. सकाळच्या पाळीत उत्पादन लवकर थांबतं. टाकीतलं कूलंट उपसून मशीन आतून धुतात, कोपऱ्यात अडकलेल्या धातूच्या चिप्स ब्रशने काढतात, गाइडवे कॉटन वेस्टने पुसून तेलाचा हात फिरवतात. मग व्हर्नियर, मायक्रोमीटर, स्पॅनर, ॲलन की असं सगळं पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. मॅनेजमेंटचे लोक शॉपमध्ये येतात, आरती होते, पेढे वाटतात. आधीची वर्षं मी त्या दिवशी रजा टाकत असे. त्या वर्षी रजा टाकली नाही. ठरवून टाकली नाही.

माझी मशीन मी सगळ्यांत आधी धुऊन काढली. काचेवर पाण्याचा एक डाग राहू दिला नाही. माळ बांधायला आमचे मामा आले. मामा म्हणजे लाइनवरचे सगळ्यांत जुने कामगार, खेडकडचे, गळ्यात तुळशीची माळ; सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी हळदकुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. "घे, तुझी मशीन, तूच लाव."

मी म्हटलं, "मामा, मी नाही लावणार."

ते थांबले. आजूबाजूचे दोघेतिघे बघायला लागले. माझे तळवे ओले झाले होते, तेलाने का घामाने ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "हे हात आणि ही मशीन देवाने मला पोटापाण्याला दिलीय असं मी मानतो. सकाळी मशीन चालू करताना मी रोज त्याचे आभार मानतो. पण माझा देव येशू आहे, मी दुसऱ्या कशाची पूजा करत नाही. तुम्ही पूजा करा, मी इथेच उभा राहतो. मशीनवर माझं प्रेम तुमच्याइतकंच आहे."

मामांनी वाटी खाली ठेवली. "रोज आभार मानतोस?"

"हो."

"आम्ही वर्षातनं एकदा," ते म्हणाले, आणि माळ बांधायला लागले.

आरतीच्या वेळी मी मागे उभा राहिलो. कोणी काही बोललं नाही. पेढ्यांचा पुडा फिरला तेव्हा मी हात जोडून नको म्हटलं. देवापुढे ठेवलेलं आमच्या घरात खात नाहीत. त्या पेढ्यावरून मला जास्त वाईट वाटलं. खाणं नाकारणं म्हणजे माणूस नाकारण्यासारखं वाटतं आपल्याकडे. पुढच्या वर्षी मामांनी पूजेच्या आधीच पुड्यातला एक पेढा कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातला. "हा नैवेद्य दाखवायच्या आधीचा. खा निवांत." तो पेढा खाताना मला भरून आलं. ज्या नात्याला तडा जाईल म्हणून मी एवढी वर्षं गप्प होतो, ते नातं खरं बोलल्यावर घट्ट झालं होतं.

मामांकडून मी पुष्कळ शिकलो, आणि हे मी मंडळीतही सांगतो. आषाढीला ते वारीला जातात. तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला असते तेव्हा आमच्यातले बरेच जण पाणी-केळी वाटायला जातात, मीही जातो. मामा विठ्ठलाबद्दल बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. कोणाला पटवायचं असतं म्हणून ते बोलत नाहीत, आणि कोणाला आवडणार नाही म्हणून गप्पही बसत नाहीत. त्यांच्या मनात भरलेलं असतं ते सांगतात, समोरच्याने ऐकलं तर ऐकलं. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत की ते तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आले. मी ख्रिस्ती घरात जन्मलेला. मला त्या सेतूवरून दुसरी गोष्ट मिळाली. आपल्या देवाविषयी संकोच न करता कसं बोलावं, हे मला एका वारकऱ्याने दाखवलं. आमचं गाव ज्या नेवाशाच्या तालुक्यात, तिथे ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवर निरूपण केलं तो पैस खांब आहे. मामा मला त्यावरून "ज्ञानोबाच्या गावचा" म्हणतात.

खऱ्या अर्थाने साक्ष म्हणावी असं मी जे बोललो, ते रात्रपाळीत. पहाटेची वेळ, चहाची सुट्टी. आमच्यातला एक जण, पारनेरकडचा, फार दिवस धुसफुसत होता. चुलतभावाने बांध कोरला, मोजणी आणली, तीही पटली नाही, आता कोर्ट. त्या रात्री तो म्हणाला, "मेला तरी त्याच्या मातीला जाणार नाही." सगळे मान डोलावत होते. मला वाटलं, हे मी बोललो नाही तर मी कशावर विश्वास ठेवतो?

माझी स्वतःची गोष्ट अशी. वडील गेल्यावर थोरल्या भावाने रस्त्याकडचा तुकडा परस्पर विकला. मुळेच्या कालव्याचं पाणी मिळणारा तेवढाच तुकडा आमच्याकडे होता. सही कशी झाली, कोणी केली, ते सगळं सांगत नाही. आम्ही बोलेनासे झालो. आई एकाकडे असली की दुसरा जायचा नाही. आणि दर रविवारी मंडळीत प्रभूची प्रार्थना म्हणताना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे माझा आवाज बंद पडायचा. बाकीची प्रार्थना मी म्हणत असे, ती ओळ नाही. ती म्हणणं म्हणजे देवापुढे खोटं बोलणं होतं. एका पवित्र शुक्रवारी, वधस्तंभावरचं पहिलं वाक्य वाचलं जात होतं, "हे बापा, त्यांना क्षमा कर", आणि मला जाणवलं की हे माझ्यासाठीही म्हटलं गेलंय. माझं ऋण सुटलंय, आणि मी मात्र भावाच्या नावाचा कागद उराशी धरून बसलोय. पुनरुत्थानाच्या रविवारनंतर मी गावी गेलो. भावाच्या अंगणात उभं राहून म्हटलं, "दादा, माझ्याकडून तो विषय संपला." तो काही बोलला नाही. वहिनीने चहा आणला. आम्ही बसून प्यालो.

एवढं मी त्या रात्री चहाच्या टपरीपाशी सांगितलं. वचन शोधून काढलं नाही, आवाहन केलं नाही. पारनेरच्या मित्राने विचारलं, "मग जमीन?"

"जमीन गेली ती गेलीच."

"मग माफ कसलं केलंस? तो तर फायद्यातच राहिला."

"हो, राहिला," मी म्हटलं. "पण मला आता झोप लागते. आणि ती ओळ म्हणता येते. हे मला माझ्या जोरावर जमलं नसतं. मी भरपूर प्रयत्न केला होता. येशूने आधी मला सोडवलं, म्हणून मला सोडता आलं."

तो बराच वेळ कप हातात फिरवत राहिला. मग भोंगा झाला आणि आम्ही आत गेलो. त्याने चुलतभावाला माफ केलं का, मला माहीत नाही. कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत. पण त्यानंतर तो मला अधूनमधून विचारतो, "ती ओळ पुन्हा सांग." मी सांगतो. त्या रात्री माझा आवाज कापत होता, हे त्यालाही दिसलं असणार. कापत्या आवाजातही खरं सांगता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून मी आवाज स्थिर होण्याची वाट बघत नाही.

जन्मापासून जो आंधळा होता त्याची गोष्ट योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. परुशी, म्हणजे यहुदी धर्मातले कर्मठ लोक, त्याला अडचणीचे प्रश्न विचारतात. तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं एवढं ठाऊक आहे. माझ्या भीतीतला मोठा भाग उत्तरं न येण्याचा होता. त्याचा कस लागला तो माझ्या एका बौद्ध मित्राबरोबर. आम्ही दोघंही नगर जिल्ह्यातले, मूळ दोघांच्याही घराण्याचं महारवाड्यातलं. त्याच्या आत्याच्या सासरचे काही लोक ख्रिस्ती आहेत, माझ्या आजीच्या माहेरचे बौद्ध. तो वाचणारा माणूस. मी मोकळं बोलतो असं दिसल्यावर त्याने सरळ विचारलं: "बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात जाहीर केलं, १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं सगळे धर्म पारखले. तुमचा का नाही घेतला? तुमच्यात जात गेली का?"

पूर्वीचा मी असतो तर इथे विषय बदलला असता. मी म्हटलं, "सगळी नाही गेली. लग्न जुळवताना अजून बघतात. ख्रिस्तात गेली पाहिजे होती, आमच्यात राहिली, हे खरं आहे, आणि ते मला लागतं." त्याला हे अपेक्षित नव्हतं. त्याने पुढचं काढलं: १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आसपास नगरकडे मिशनने अन्न दिलं, काम दिलं, म्हणून लोक गेले. मी म्हटलं, "पुष्कळ गेले असतील. माझा खापरपणजाही कदाचित त्यातलाच असेल. पण पाऊस परत पडला, धान्य परत पिकलं, तरी तो राहिला. का राहिला, ते बघ. महारवाड्यातल्या माणसाला कोणीतरी सांगितलं होतं की देव तुझ्या घरी येऊन जेवेल." आणि "किती मिळतात" या जुन्या प्रश्नाचं उत्तरही मी त्यालाच पहिल्यांदा दिलं, कारण ते त्यालाच नीट समजणार होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती, काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये बाकीचे शीख त्यात आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून नाहीत. माझ्या वडिलांनी शाळेच्या दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलं, ते हे माहीत असूनच लिहिलं. माझ्या मित्राने यावर डोकं हलवलं. म्हणाला, "हे मी नव्हतो ऐकलं."

बोलायला लागल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो, कुठे बोलायचं नाही हा. मंडळीतल्या एका वकीलबाईंनी आम्हाला घटनेचं कलम २५ समजावून दिलं होतं. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. प्रसाराच्या हक्कावर घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ ला वाद झाला होता, विरोध करणारे होते, कन्हैयालाल मुनशींसारखे बाजू घेणारेही होते, आणि तो हक्क राहिला. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे. आमच्यातल्या काहींना तो निकाल खटकतो. मला त्याने मोकळं केलं. माणसाचं मन बदलणं हे माझं काम नव्हेच, ते देवाचं आणि त्या माणसाचं. माझं काम सांगण्यापुरतं.

म्हणून मी काही रेघा आखून घेतल्या आहेत. माझ्या हाताखालचे ॲप्रेंटिस, ज्यांच्या हजेरीवर मी सही करतो, त्यांच्याशी मी आपणहून हा विषय काढत नाही. त्यांनी "नको" म्हणणं अवघड आहे, आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याने हो म्हटलं तरी त्याला अर्थ नाही. कोणाच्या घरी आजारपण असेल तर बरं होईल असं वचन देत नाही. मामांच्या पत्नी दवाखान्यात होत्या तेव्हा मी विचारलं, "मामा, मी येशूच्या नावाने प्रार्थना केली तर चालेल का?" ते म्हणाले, "कर की. देवाचं नाव घ्यायला परवानगी कशाला?" जिन्यात उभं राहून मी दोन वाक्यांची प्रार्थना केली. त्या घरी आल्या, आणि त्याचं श्रेय मी डॉक्टरांनाही देतो, देवालाही.

सगळ्यांनी असं ऐकून घेतलं असं नाही. एकाने स्पष्ट सांगितलं, "भाऊ, तू माणूस चांगला आहेस, पण हे माझ्यापाशी पुन्हा काढू नको." मला ते टोचलं. घरी येऊन मी बायकोजवळ बोललोही. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याच्यासाठी जागा धरून ठेवली, तो येऊन बसला, आम्ही कांद्याच्या भावावर बोललो. त्याच्याशी मी तो विषय पुन्हा काढलेला नाही. सकाळच्या नावांत त्याचं नाव आहे.

बोलून काही झालं का, असं मंडळीतले लोक विचारतात. किती जण आले? मला नारायण वामन टिळकांचीच गोष्ट आठवते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं, त्याने नवा करार हातात दिला. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो १८९५ मध्ये. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी ओढून आणलं नाही. त्या किती दुःखातून गेल्या आणि मग काही वर्षांनी आपल्या वाटेने, आपल्या बुद्धीने आल्या. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी मराठी मंडळ्यांत टिळकांची गीतं म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी डब्यातला कोणी एक अनोळखी माणूस आहे, ज्याने ओळख नसलेल्या ब्राह्मण प्रवाशाशी बोलायचं धाडस केलं. त्यालाही त्या वेळी छातीत धडधडलं असेल, असं मी धरून चालतो.

भीती माझी पूर्ण गेलेली नाही. नवीन माणसासमोर अजून घशाला कोरड पडते. मंडळीतली तरुण मुलं, आयटीत आणि कॉलसेंटरमध्ये काम करणारी, मला विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो, आणि करिंथकरांचा तो दुसरा अध्याय वाचायला देतो. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, तिला ऑफिसात डबा खाण्याआधी डोळे मिटायचीही भीती वाटते. मी म्हटलं, "मग तिथूनच सुरू कर. डोळे मिट. कोणी विचारलं तर सांग." तिला विचारलं गेलं. तिने सांगितलं.

बौद्ध मित्र आणि मी आता महिन्यातून दोनेक शनिवारी सुट्टी जुळली की त्याच्या गच्चीवर लूकचं शुभवर्तमान वाचतो. त्यानेच सुचवलं, बदल्यात मी त्याच्याकडून धम्मपद वाचून घेतो, तसं ठरलंय. तो पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्हं करतो. उधळ्या मुलाच्या दाखल्यात त्याला थोरल्या भावाची बाजू बरोबर वाटली, आणि त्यावर आमचा अंधार पडेपर्यंत वाद झाला. पुढचा अध्याय सोळावा, अन्यायी कारभाऱ्याचा. मालकाच्या कर्जदारांची देणी परस्पर कमी करून देणाऱ्या माणसाची येशूने वाखाणणी का सांगितली, हा त्याचा प्रश्न आधीच येऊन पोचलाय, व्हॉट्सॲपवर. मी पाळकसाहेबांकडून टीकाग्रंथ आणलाय आणि रात्रपाळीच्या सुट्टीत वाचतोय.